सेन्सर आणि आयसी शिकायला सुरुवात करताय? आधी सिग्नलचा माग काढा

नवीन माणूस सेन्सर शिकायला बसला की पहिला प्रश्न असतो कोणतं मॉड्यूल घेऊ आणि दुसरा, कोड कुठे मिळेल. प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा म्हणजे पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. कुठलाही सेन्सर मुळात तापमान देत नाही, अंतर देत नाही, उजेड देत नाही. तो देतो व्होल्टेज, नाहीतर बदलणारा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा), नाहीतर कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता), नाहीतर एखादी पल्स किती वेळ चालू राहिली तेवढा वेळ. त्याचा आकडा करायचं काम आयसी (एकाच चिपवर बसवलेलं अख्खं सर्किट) करते आणि त्या आकड्याचे अंश किंवा सेंटीमीटर करायचं काम प्रोग्राम करतो. म्हणून स्क्रीनवर चुकीचा आकडा दिसला की लगेच कोड बदलत बसू नका, आधी विचारा की सेन्सरच्या पायातून नेमकं काय बाहेर येतंय, ते मीटरवर दिसतंय का, आणि तिथून पुढे त्याचं काय होतंय. हा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिलाय.

पायरी १: काही विकत घ्यायच्या आधी फोन वापरा

फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागाने बनवलेलं. ते फोनमधल्या सेन्सरचे कच्चे आकडे तुमच्यासमोर ठेवतं. टाका आणि गुरुत्वासकटचं अ‍ॅक्सेलरोमीटर उघडा, फोन टेबलावर सपाट ठेवा. झेड अक्षावर ९.८च्या आसपास आकडा दिसेल. आता फोन तर जागचा हललेला नाही मग प्रवेग आला कुठून? तर आत सिलिकॉनचा एक अतिशय बारीक वजनाचा तुकडा सिलिकॉनच्याच लवचिक पट्ट्यांवर टांगलेला असतो, त्याला दातेरी पट्ट्या असतात आणि त्यांच्यासमोर तशाच स्थिर पट्ट्या. टेबल फोनला खालून आधार देतंय पण तो तुकडा खाली ओढला जातो, दात्यांमधलं अंतर किंचित बदलतं, त्यामुळे कपॅसिटन्स बदलतो, आणि सेन्सर मोजतो तो हा बदल. फोन उलटा ठेवला की तोच आकडा उणे होतो. फोन मोकळा पडत असताना तो शून्याजवळ जातो कारण तेव्हा आधारच नसतो (हा प्रयोग गादीवरच करा).

आता नीट बघा, बरोबर ९.८१ येतंय का? बहुतेक फोनमध्ये सुलट आणि उलट ठेवल्यावरचे आकडे अगदी सारखे येत नाहीत. हा जो थोडासा फरक आहे त्याला ऑफसेट म्हणतात, आणि तो प्रत्येक सेन्सरला असतो, महागातल्या महाग सेन्सरलाही. सुरुवातीलाच हे डोळ्यांनी बघितलं की पुढे कॅलिब्रेशन (सेन्सरचा आकडा खऱ्या मोजमापाशी जुळवणं) कशाला करायचं हा प्रश्न पडत नाही.

फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर तो चालू ठेवून एक मजला जिना चढा. साधारण तीन मीटर चढलात की हवेचा दाब ०.३५ हेक्टोपास्कलच्या आसपास कमी होतो आणि ते ग्राफवर दिसतं. एवढा बारीक बदल तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठ्या नसलेल्या एका चिपला कळतो, हे मला अजूनही भारी वाटतं.

पायरी २: सामान

मल्टीमीटर, ब्रेडबोर्ड, जंपर वायर, अर्डुइनो उनो आर३सारखा एक बोर्ड (ज्यात प्रोग्राम टाकता येतो), एलएम३५ तापमान सेन्सर, एक १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा), काही १० किलोओहमचे रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, ज्यांच्यावर १०४ लिहिलेलं असतं. एवढंच. मोठा सेन्सर किट घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्यातले निम्मे मॉड्यूल एकदा दिवा पेटवून बाजूला पडतात आणि एकही नीट समजत नाही. मीटर मात्र बोर्डच्या आधी घ्या.

पायरी ३: आयसी आणि तिचे पाय ओळखा

दोन्ही बाजूंनी पाय असलेल्या आयसीच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते किंवा कोपऱ्यात ठिपका असतो. खाच वर धरली की डाव्या हाताचा वरचा पाय पहिला, तिथून खाली मोजत जायचं आणि मग उजव्या बाजूने खालून वर, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने. वर छापलेल्या दोन ओळींपैकी एक पार्ट नंबर असतो, दुसरी बऱ्याचदा तारीख, उदाहरणार्थ २३१८ म्हणजे २०२३ सालचा १८वा आठवडा. नवीन लोक हा तारखेचा आकडाच नेटवर शोधत बसतात.

तीन पायांच्या काळ्या, एका बाजूने सपाट असलेल्या पार्टबाबत मात्र डबल सावध राहा. एलएम३५ आणि डीएस१८बी२० (हाही तापमान सेन्सरच, पण डिजिटल) दिसायला अगदी सारखे असतात. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर एलएम३५चा डावा पाय प्लस आणि उजवा ग्राउंड (शून्य व्होल्टची बाजू), आणि डीएस१८बी२०चा बरोबर उलटा, डावा ग्राउंड आणि उजवा प्लस. मधला दोन्हीत सिग्नलचा. शिवाय डेटाशीटमधलं (कंपनीच्या माहितीपत्रकातलं) चित्र बहुतेक वेळा खालून बघितलेलं असतं, तिथे बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, पण ते वाचलं नाही की उलटं जोडलं जातं आणि सेन्सर बोट लावता येणार नाही इतका तापतो. पॉवर दिल्यावर पहिले पाच सेकंद पार्ट गरम होतोय का ते बघायची सवय लावा, झाला तर लगेच काढा.

पायरी ४: डेटाशीटची फक्त चार पानं वाचा

तीस चाळीस पानं बघून घाबरू नका. पिनचं चित्र, अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिममचा तक्ता, नेहमीच्या वापराच्या मर्यादांचा तक्ता, आणि एखादं सोपं सर्किट, बस. यातले दोन तक्ते एकमेकांत मिसळू नका. अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम म्हणजे त्याच्या वर गेलं की पार्ट मरू शकतो, त्या आकड्यापर्यंत तो नीट चालेल असा त्याचा अर्थ होत नाही. चालवायचं ते दुसऱ्या तक्त्यात बसवून. एलएम३५ला ४ ते ३० व्होल्ट लागतात, म्हणजे ३.३ व्होल्टच्या बोर्डवर तो तसाच लावला तर आकडा येईलही पण त्याचा भरवसा नाही, आणि हे एका ओळीत डेटाशीटमध्ये लिहिलेलं आहे.

अजून एक उदाहरण देतो. एलएम३५८ हा ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल मोठा करणारी आयसी) सगळीकडे वापरतात. त्याला ५ व्होल्ट दिले तर त्याचं आउटपुट ५ पर्यंत जात नाही, साडेतीनच्या आसपास अडकतं. माहीत नसेल तर सेन्सरच बिघडला असं वाटतं, आणि सेन्सर बिचारा बरोबर असतो.

पायरी ५: पॉवर नीट द्या

प्रत्येक आयसीच्या प्लस आणि ग्राउंडच्या मध्ये, पायांच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ, एक १०४ कपॅसिटर लावा. आयसीच्या आत काहीतरी चालू-बंद झालं की क्षणभरासाठी जास्त करंट लागतो, लांब वायरमधून तो वेळेत येत नाही, म्हणून शेजारचा कपॅसिटर तो पुरवतो. दुसरं, सगळ्या भागांचं ग्राउंड एक असलंच पाहिजे. सेन्सरला वेगळ्या अ‍ॅडाप्टरवरून पॉवर दिली आणि बोर्डशी ग्राउंड जोडलंच नाही तर व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं हेच बोर्डला कळत नाही. आयसी हाताळायच्या आधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा म्हणजे अंगावरची स्टॅटिक निघून जाते, कोरड्या हवेत तर नक्कीच.

पायरी ६: पहिला सेन्सर, आणि इथे घाई करू नका

एलएम३५ला ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या. बोर्डला सिग्नल जोडूच नका अजून. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा आणि मधला पाय ते ग्राउंड मोजा. हा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे खोली २५ अंश असेल तर २५० मिलिव्होल्ट. बोटात धरा, आकडा हळूहळू ३००च्या वर सरकेल. हा क्षण महत्त्वाचा आहे, कारण कोडची एक ओळ न लिहिता तुम्ही तापमान मोजलंत आणि सेन्सर चांगला आहे हे आता तुम्हाला ठामपणे माहीत आहे.

मग मधला पाय ए० पिनला जोडा. उनोच्या आतल्या चिपमध्ये १० बिटचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आहे, तो ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग ४.८८ मिलिव्होल्टचा. २५० भागिले ४.८८, म्हणजे साधारण ५१. आणि इथेच घोळ दिसतो, एक भाग म्हणजे जवळजवळ अर्धा अंश, त्यामुळे स्क्रीनवर तापमान अर्ध्या अर्ध्या अंशाच्या उड्या मारतं. दशांशानंतर दोन आकडे छापले म्हणून अचूकता वाढत नाही, ते आकडे भागाकारातून आलेत, सेन्सरमधून नाही.

दुसरी अडचण अशी की तो ५ व्होल्टचा संदर्भ म्हणजे यूएसबीमधून येणारी पॉवर, आणि ती नेमकी ५ असेलच असं नाही. ती ४.७५ असली तर तोच २५० मिलिव्होल्ट ५१ऐवजी ५३ दिसतो आणि तुमचा प्रोग्राम २५ला जवळपास २६ म्हणतो. यावर उपाय चिपमध्येच आहे. तिच्यात १.१ व्होल्टचा स्वतःचा रेफरन्स, म्हणजे संदर्भ, असतो, प्रोग्राममध्ये एक ओळ लिहून तो निवडता येतो. मग एक भाग सुमारे १.०७ मिलिव्होल्टचा, म्हणजे अंशाचा दहावा भाग, आणि २५ अंशांना साधारण २३२ आकडा. वर ११० अंशांपर्यंत जागा आहे, खोलीच्या तापमानाला भरपूर. फक्त हा १.१ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, १.० ते १.२च्या मध्ये कुठेही, पण एका चिपमध्ये तो बऱ्यापैकी स्थिर राहतो. म्हणून रेफरन्स चालू करून एरेफ पिनवर मीटर लावा, जो आकडा येईल तोच प्रोग्राममध्ये टाका. रेफरन्स बदलल्यावरची पहिली काही वाचनं टाकून द्या, आणि आतला रेफरन्स निवडलेला असताना एरेफ पिनला बाहेरून व्होल्टेज देऊ नका, चिप जाऊ शकते.

पार्ट तोच, वायर त्याच, आणि मोजमाप साडेचारपट बारीक झालं. मला वाटतं सेन्सर शिकणं म्हणजे खरं तर हेच.

पायरी ७: रेझिस्टन्स बदलणारे सेन्सर

थर्मिस्टर घ्या, मीटर ओहमवर ठेवा. २५ अंशांना १० किलोओहम, बोटात धरला की कमी होत जातो, बर्फाच्या पाण्यात नेहमीच्या ३९५० बीटावाल्या (बीटा म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा) थर्मिस्टरचा रेझिस्टन्स ३३ किलोओहमच्या आसपास जातो. बोर्डला रेझिस्टन्स कळत नाही, व्होल्टेजच कळतं, म्हणून थर्मिस्टर आणि साधा १० किलोओहमचा रेझिस्टर एका ओळीत ५ व्होल्ट ते ग्राउंड लावायचे आणि मधल्या जोडावरून सिग्नल घ्यायचा. दोन्ही सारखे झाले की मध्ये अडीच व्होल्ट. उजेडानुसार रेझिस्टन्स बदलणारा एलडीआरसुद्धा असाच. थर्मिस्टर सरळ रेषेत चालत नाही, त्याला सूत्र लागतं, ते लायब्ररीत (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये) मिळतं.

पायरी ८: डिजिटल सेन्सर

१९५८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बीने पहिली आयसी चालवून दाखवली, तेव्हा त्या तुकड्यावर मोजकेच भाग होते आणि बाहेरून वायर जोडलेल्या होत्या. आज सेन्सर, अ‍ॅम्प्लिफायर, एडीसी, कॅलिब्रेशनचे आकडे साठवलेली मेमरी, सगळं एकाच पॅकेजमध्ये बसतं, आणि बाहेर येतात त्या दोन वायर, एक डेटाची, एक क्लॉकची. ही आयटूसी पद्धत, फिलिप्सने १९८२च्या सुमाराला काढलेली. त्याच दोन वायरवर अनेक सेन्सर बसतात कारण प्रत्येकाला पत्ता असतो. एमपीयू६०५० या हालचालीच्या सेन्सरचा पत्ता हेक्समध्ये (१६च्या पायाच्या अंकपद्धतीत) ६८, एडी० नावाचा पाय प्लसला जोडला तर ६९. बीएमपी२८० या हवेच्या दाबाच्या सेन्सरचा ७६ किंवा ७७.

करायचं काय, तर आधी लायब्ररी न टाकता फक्त आयटूसी स्कॅनर नावाचा छोटा प्रोग्राम चालवा, तो कुठल्या पत्त्यावर कोण उत्तर देतंय ते सांगतो. काहीच सापडलं नाही तर डेटा आणि क्लॉकची अदलाबदल झालीय का बघा, उनोवर डेटा ए४ला आणि क्लॉक ए५ला. मग पुल-अप रेझिस्टर बघा, या दोन वायरना प्लसकडे ओढणारे साधारण ४.७ किलोओहमचे रेझिस्टर लागतात, मॉड्यूलवर बहुतेक असतात, सुट्या चिपला तुम्ही लावायचे.

आणि विकत घेताना एक गोष्ट नक्की तपासा. बीएमई२८० आर्द्रताही मोजतो, बीएमपी२८० मोजत नाही, आणि दुसरा पहिल्याच्या नावाने सर्रास विकला जातो. दिसायला मॉड्यूल सारखंच. पण चिपच्या डी० रजिस्टरमध्ये (आतल्या मेमरीच्या कप्प्यात) तिची ओळख लिहिलेली असते, हेक्समध्ये ६० आलं तर बीएमई, ५८ आलं तर बीएमपी. लेबलपेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा.

५ आणि ३.३ व्होल्टचा वाद इथेच येतो. ईएसपी३२ (वाय-फायवाला बोर्ड) आणि आजचे बहुतेक सेन्सर ३.३चे आहेत, उनो ५चा. ५ व्होल्टचा सिग्नल ३.३च्या पिनला थेट देऊ नका, लगेच जळला नाही तरी हळूहळू खराब होतो. एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सरचा इको पाय ५ व्होल्ट देतो, तो ईएसपी३२ला जोडताना मध्ये १ किलोओहम आणि ग्राउंडकडे २ किलोओहम लावला की ३.३३ होतात. आयटूसीला दोन्ही दिशांनी सिग्नल जातो म्हणून तिथे लेव्हल शिफ्टर (सिग्नलच्या व्होल्टेजची पातळी बदलणारं मॉड्यूल) घ्या.

आणि हा अल्ट्रासॉनिक सेन्सर अंतर मोजत नाही, वेळच मोजतो. ट्रिगरवर १० मायक्रोसेकंदांची पल्स दिली की तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि इको पाय जेवढा वेळ हाय राहतो तो जाऊन यायचा वेळ. त्याला ५८ने भागलं की सेंटीमीटर. पण तो ५८ २० अंशांच्या हवेसाठी आहे, जिथे ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ३५ अंशांना तो ३५२ होतो, म्हणजे दोन मीटरवर पाच सेंटीमीटरचा फरक. शेजारी एलएम३५ लावा आणि वेग तापमानावरून काढा, दोन सेन्सर एकत्र वापरायचा हा सगळ्यात छान पहिला प्रोजेक्ट आहे.

पायरी ९: कॅलिब्रेशन

तापमानाला एक फुकटचा भरवशाचा बिंदू असतो, वितळणाऱ्या बर्फाचं शून्य अंश. ठेचलेला बर्फ पेलाभर घ्या, थोडं पाणी घाला, ढवळत राहा, वॉटरप्रूफ डीएस१८बी२० काही मिनिटं त्यात ठेवा. ०.३ दाखवत असेल तर तेवढा ऑफसेट प्रोग्राममधून वजा करा. एलएम३५ यासाठी वापरू नका, साध्या जोडणीत तो २ अंशांच्या खाली मोजत नाही.

आकडा थरथरत असेल तर १६ वाचनांची सरासरी घ्या. पण सरासरीने थरथर जाते, ऑफसेट जात नाही. आणि सेन्सर बोर्डच्या रेग्युलेटरला किंवा वाय-फाय चिपला चिकटवून ठेवू नका, मग तो खोलीचं नाही तर बोर्डचं तापमान सांगतो. चार बोटं लांब वायरवर काढा, फरक लगेच दिसेल.

पायरी १०: आकडा विचित्र आला तर

डीएस१८बी२०ने ८५ दाखवलं तर तो चालू झाल्यावरचा ठरलेला आकडा आहे, म्हणजे मोजणी पूर्ण व्हायच्या आत तुम्ही वाचलंत (१२ बिटला ७५० मिलिसेकंद लागतात) किंवा मध्येच त्याची पॉवर गेली. उणे १२७ आलं तर लायब्ररीला सेन्सर सापडतच नाहीये, वायर किंवा ४.७ किलोओहमचा पुल-अप बघा. अ‍ॅनालॉग पिनवर कसलेही आकडे येत असतील आणि वायरला हात लावल्यावर बदलत असतील तर ती पिन लोंबकळतेय, कुठेतरी जोड सुटलाय. सतत १०२३ म्हणजे सिग्नल रेफरन्सच्या वर गेलाय, सतत ० म्हणजे बहुतेक ग्राउंडला चिकटलाय किंवा सेन्सरला पॉवरच नाही. पीआयआर सेन्सर (माणसाची हालचाल ओळखणारा) पॉवर दिल्यावर लगेच उलटसुलट ट्रिगर होत असेल तर मिनिटभर थांबा, त्याला स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

आणि प्रत्येक वेळी क्रम एकच ठेवा. आधी सेन्सरच्या पायांवर पॉवर मोजा, बोर्डवर नाही तर थेट पायांवर, मग सिग्नलचा पाय, मग बोर्डच्या पिनपाशी तोच सिग्नल, मग एडीसीचा कच्चा आकडा छापा, आणि सगळ्यात शेवटी सूत्राकडे या. सेन्सरच्या पायावर २५० मिलिव्होल्ट आहेत आणि बोर्डच्या पिनवर नाहीत असं दिसलं तर मधली जंपर वायर बदला, नव्या वायरमध्येही आतून तुटलेल्या निघतात.